साळवीकाकांची जपानी कॅसेट

दर रविवारी दुपारी चारला आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये पत्रे फरफटत नेल्यासारखा आवाज सुरू व्हायचा. नवे भाडेकरू पाण्याचा पंप बघायला खाली धावायचे. जुने त्यांना जिन्यातच अडवायचे, "पंप ठीक आहे. साळवीकाकांनी गाणं लावलंय."

काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेस मशीनवर होते. आठवडाभर तिथला ठणठणाट ऐकून सुट्टीला पुन्हा हेच! कॅसेट त्यांना मशीन बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनियरने दिलेली. त्याने मित्राबरोबर स्वतःच काढलेली; त्याच्या देशातही ती कोणी घेतली नव्हती. काकू कानात कापूस घालून तांदूळ निवडायच्या. कोणी हसलं की काका शांतपणे म्हणायचे, "घाई करू नका. अजून उघडलं नाहीये ते."

मी तेव्हा कॉलेजात होतो. गाण्यातलं आपल्याला फार कळतं, असा माझा समज. काकांनी एकदा कॅसेट मला घरी नेऊ दिली. मी पाच मिनिटं ऐकली आणि दोन दिवसांनी परत केली.

"कशी वाटली?"

"छान आहे, काका."

"आणि दुसरी बाजू?"

"ती तर जास्तच छान!"

"दुसरी बाजू कोरी आहे रे," काका म्हणाले. रागावले नाहीत. कॅसेट पुसली, डबीत ठेवली. पुढे मला कधी त्याबद्दल विचारलं नाही. मला ते लागलं.

मग नोकरी लागली, मी ठाण्याला राहायला गेलो. दहाएक वर्षांनी जुन्या घराच्या कामासाठी आलेलो, तेव्हा काकांकडे डोकावलो. काकू वर्षभरापूर्वी गेल्या होत्या. काकांनी चहा केला, माझ्यासमोर बसून माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मीच म्हटलं, "काका, ती कॅसेट लावा ना. मी नीट ऐकलीच नव्हती."

ते चटकन उठले. टेप लावला. आधी नुसता कर्कश गोंगाट. मी नेटाने बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्या गोंगाटाच्या तळाशी एक बारीक सूर लागला. कोणीतरी बंद दाराआड गुणगुणत असावं तसा.

"आता काय चाललंय?" काकांनी विचारलं.

मला वाटलं, परीक्षा घेतायत. "तुम्हीच ऐका की."

"मला येत नाही रे ऐकू. दोन वर्षं झाली. प्रेसने कान नेले. तू बोलतोस ते ओठांवरून कळतं." मग म्हणाले, "ही होती तोवर सांगायची."

"काकू? त्या तर कापूस घालायच्या!"

"नंतर काढला तिने. मला सांगायला."

मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "खाली एक सूर आहे," मी सावकाश म्हटलं. "आता तो वर चढतोय... आता वाळू चाळल्यासारखं... आता सूर एकटाच उरलाय."

काका मान डोलवत होते.

कॅसेट संपली, बटण खटकन वर आलं. काकांना ते कळलं नाही. ते माझ्या ओठांकडे बघतच होते.