ठमाकाकींची शेगडी

ठमाकाकी बाळ बघत नाहीत. सव्वा महिना रोज ज्या घरी जायचं, त्या घरचं बाळ! आजी कौतुकानं दुपटं पुढे करते, टोपरं सारखं करते, आणि काकी ते हातानंच बाजूला सारतात. "ठेव तो तिकरं. बाय कुठं हाय?" असं म्हणत सरळ आतल्या खोलीत. बाय म्हणजे बाळंतीण. तिला ताटकळत ठेवून कोणी पेढे वाटत असेल तर त्याचीही हजामत होते.

बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी बाई म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं, ते आधी पुसून टाका. काकींचं गाव पनवेलजवळच. शेती गेली, टॉवर आले, मुलाचे ट्रेलर न्हावा शेव्याला धावतात. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत त्या उतरतात मुलाच्या भल्यामोठ्या पांढऱ्या गाडीतून, नऊवारी नेसून, अंगावर सोनंच सोनं, आणि डिकीतून निघते लोखंडी शेगडी.

"काकी, लिफ्टमध्ये शेगडी नाही चालणार," वॉचमन म्हणतो.

"पेटलीय का? नाय ना? मंग सरक!"

मुलाला आईच्या या कामाची भयंकर लाज वाटते, पण गाडी तोच चालवतो. आईपुढे बोलायची काय बिशाद!

शेजारच्या नेहाच्या वेळी काकी दवाखान्यातही तिच्याजवळ बसून होत्या. कळा चाललेल्या आणि नवरा मोबाइल रोखून उभा. काकींनी मोबाइल काढून घेतला आणि कमरेला खोचला. "पिच्चर नंतर कार. पाठ चोल तिची." बिचारा शेवटपर्यंत पाठ चोळत होता. माझ्या ऑफिसातली एकजण म्हणाली, "अगं, बाळंतपणात सोबत करणाऱ्या अशा बाईला डूला म्हणतात. कोर्स असतो त्याचा!" काकींना सांगितलं तर म्हणाल्या, "असूं दे. माज्या आयला पन येत व्हता."

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. माहेर म्हणजे एक कुलूप. दिवस राहिले तेव्हा आनंदाआधी प्रश्न पडला, की माझं बाळंतपण करणार कोण? "मी हाय ना गो," काकी म्हणाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी डिंकाचे लाडू वळले, माळ्यावरचा पाळणा उतरवला.

नवव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

कळा मात्र सगळ्या द्याव्या लागल्या. त्या चुकत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या गडबडीत काकींना कळवायचं राहून गेलं. घरी आले तर पाळणा पुन्हा माळ्यावर. लाडू सासूबाईंनी वाटून टाकलेले. वाईट मनानं नव्हे हो, माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून. ह्यांनी काकींना फोन केला, आता येऊ नका म्हणून. भेटायला आलेली माणसं म्हणायची, "तरुण आहेस, होईल दुसरं." कंबर मोडली होती, रक्त जात होतं, ब्लाउज दुधानं भिजत होता, आणि घरात बाळंतीण मात्र कोणीच नव्हती. मरून जावंसं वाटायचं, खरंच सांगते.

ह्यांनी फोन केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काकी, शेगडीसकट.

सासूबाई कळवळून म्हणाल्या, "अहो, फोन केला होता ना? बाळ नाही हो आमचं..."

"मना बालाचं काय करायचं? बाय कुठं हाय?"

त्यांना खोलीत बघून मी किंचाळलेच. "चालत्या व्हा! कसला शेक आणि कसलं काय! जखमेवर मीठ चोळायला आलात?" हाताला लागली ती उशी फेकून मारली. काकींनी ती उचलली, झटकली आणि माझ्या शेजारी ठेवली.

"शिव्या दे. पन पालथी झोप." तेल कोमट करता करता म्हणाल्या, "बाल गेला म्हनून बालंतपन जातं का गो?"

त्या शब्दासरशी मी ओक्साबोक्शी रडले. काकी पाठ चोळत राहिल्या.

सव्वा महिना त्या रोज आल्या. तेल, कढत पाणी, ओव्याची धुरी, घरून वळून आणलेले लाडू. बिल्डिंगमध्ये कुजबुज झाली, पाळणा नाही आणि धुरी कसली? काकींनी जिन्यात उभं राहून असं काही सुनावलं की आठवडाभर कोणी लिफ्टमध्ये माझ्याकडे बघेना. सासूबाई आपणहून पाणी तापवू लागल्या.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, "काकी, तुमचं कोणी केलं हो?"

त्या शेगडीतले निखारे उगीचच हलवत बसल्या.

"पयल्या येलंला मेलीच झाली. पोरगी. पुरून आले नि सासू म्हनली, आता कसली बालंतीन? ऊठ, मिठागरात चल. दूध गलत व्हता नि मी मीठ वढत व्हते." मग म्हणाल्या, "तोंड पन दाखवला नाय मना तिचा."

मी दार लावलं, चटई अंथरली, उशी ठेवली. "काकी, पालथ्या झोपा."

"येरी झालीस? नातवंडं हायेत मना!"

"झोपा म्हणते ना!"

एकेक करून सोनं उतरवलं आणि झोपल्या. मी तेल कोमट केलं. कमरेशी हात गेला तशा त्या एकदम आखडल्या.

"तितंच," उशीत तोंड खुपसून म्हणाल्या. "तितंच दुकतंय अजून."

खाली मुलगा हॉर्न वाजवत होता. वाजवू दे म्हटलं, आणि मी चोळत राहिले.