लाल दोरा, पिवळा दोरा

अनसूयाबाईंना लेबलांचा राग होता. नवा कपडा घरात आला की घडी मोडण्याआधी त्या मानेमागचं लेबल कात्रीने उसवून काढत. लेबल टोचतं असं त्यांचं मत होतं, आणि उपेंद्रगुरुजींची मान नाजूक आहे असंही त्यांचंच मत होतं. गुरुजींना या दोन्ही बाबतीत कोणी विचारलं नव्हतं. कुठल्या कपड्यात काय किती टक्के आहे ही माहिती त्या घरात बत्तीस वर्षांत टिकली नाही, आणि कधी लागलीही नाही. ती लागली दोन हजार चार सालच्या जानेवारीत.

त्यांची थोरली वल्लरी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनीने तिला सहा महिने अमेरिकेत पाठवलं, आणि येताना तिने दोन जॅकेटं आणली. एक बाबांना, दुसरं दिल्लीत नोकरीला असलेल्या धवलला. दोन्ही गडद निळी, आणि बापलेकांचे खांदे सारखेच असल्यामुळे दोन्ही एकाच मापाची. वजनाला तर इतकी हलकी की अनसूयाबाईंनी हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "आत काही घातलंय की विसरले?"

"धवलच्यात बदकाची पिसं आहेत," वल्लरी म्हणाली. "बाबांच्यात सिंथेटिक. बाबांसाठी मुद्दाम सिंथेटिक निवडलंय. त्याला तीन कारणं आहेत."

पहिलं कारण सोवळ्याचं होतं. गुरुजी रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये. पिसं पांघरून संकल्प सांगणं शोभलं नसतं, हे अनसूयाबाईंना लगेच पटलं आणि त्या चहा टाकायला उठल्या. दुसरं कारण धुण्याचं होतं, ते त्यांनी आतून अर्धं ऐकलं. तिसरं कारण वल्लरी सांगत होती तेव्हा दूध उतू गेलं.

मग तिने बाबांना थरांचं शास्त्र समजावलं. थंडीत एक जाड कपडा घालायचा नसतो, पातळ कपडे एकावर एक घालायचे. अंगाला लागून घाम टिपणारं काही, त्यावर लोकर, त्यावर जॅकेट. गुरुजींनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि सर्वांत आतला थर जानव्याचा धरायचा का, एवढंच विचारलं.

वल्लरी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेली. अनसूयाबाईंनी कात्री काढली. गुरुजींच्या जॅकेटाचं लेबल काढलं, आणि कात्री हातात होतीच म्हणून धवलच्याचंही काढलं. दोन्ही लेबलं बटणांच्या डब्यात गेली. एक जॅकेट खुंटीवर लागलं, दुसरं डांबराच्या गोळ्या घालून कपाटात.

गुरुजी गेली अठ्ठावीस वर्षं पहाटे साडेपाचला कुंडावर बसत होते. निफाडचा पारा किती घसरला ते लोक सकाळी पेपरात वाचत, गुरुजींना ते पायरीवर बसल्या बसल्या कळे. दरवर्षी डिसेंबरात त्यांना खोकला लागे तो महाशिवरात्रीपर्यंत पुरे. संकल्पात यजमानाचं गोत्र येईपर्यंत दोनदा थांबावं लागे, आणि मधल्या वेळात यजमान आपलं गोत्र विसरे. त्या जानेवारीत मात्र जानवं, बंडी, अनसूयाबाईंनी विणलेला स्वेटर, त्यावर जॅकेट आणि दिसायला बरं म्हणून सगळ्यांवर उपरणं, एवढ्या थरांनिशी गुरुजी बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पहाट आवडली. चौथ्या दिवशी खोकला थांबला. सातव्या दिवशी त्यांनी एका यजमानाला न मागता जास्तीचा श्लोक म्हणून दाखवला.

घाटावरच्या इतर गुरुजींनी साहजिकच हरकत घेतली. हे सोवळ्यात बसतं का? उपेंद्रगुरुजी बी.कॉम. होते, त्यांनी मुद्देसूद उत्तर दिलं. पॉलिएस्टर हे घासलेटाच्या घराण्यातलं. घासलेट जमिनीतून निघतं, म्हणजे खनिज. तांब्याचं ताम्हन चालतं, ते खनिजच. मग हे का चालू नये? मंडळींनी विचार केला आणि दोघांनी किंमत विचारली.

नवव्या दिवशी धवलचा फोन आला. त्याची बदली चेन्नईला झाली होती, तेव्हा त्याचं जॅकेट कोणाला तरी देऊन टाका म्हणाला. अनसूयाबाईंनी कपाटातलं जॅकेट काढलं, आणि ते धवलचंच आहे ना हे बघायला मानेमागे हात घातला. तिथे काही नव्हतं. त्यांनी खुंटीवरच्या जॅकेटाच्या मानेमागे हात घातला. तिथेही काही नव्हतं. मग त्यांनी बटणांचा डबा उघडला. एका लेबलावर बदक लिहिलं होतं, दुसऱ्यावर पॉलिएस्टर. लेबलं दोन होती, जॅकेटं दोन होती. कोणतं कोणाचं एवढंच उरलं होतं.

गुरुजी अंघोळ करून आले तेव्हा त्या पलंगावर दोन्ही जॅकेटं मांडून बसल्या होत्या.

"अहो, तुम्ही आठ दिवस काय घालून बसलात?"

"जॅकेट."

"कशाचं?"

गुरुजींनी जॅकेटांकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग कात्रीकडे. तेवढ्यात त्यांना सगळं समजलं, आणि समजायला नको होतं हेही त्यांना तेव्हाच समजलं. कारण एकदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अनसूयाबाई घेतल्याशिवाय राहत नसत, आणि उत्तर चुकीचं आलं तर पहाट पुन्हा पूर्वीसारखी होणार होती.

पहिली तपासणी त्याच दुपारी झाली. अनसूयाबाईंनी दोन्ही जॅकेटांच्या कोपरापाशी बोटभर शिवण उसवली. एकातून पांढरं मऊ काहीतरी निघालं. दुसऱ्यातूनही पांढरं मऊ काहीतरी निघालं. पुण्याला फोन लावला तेव्हा वल्लरी म्हणाली की ते मुद्दामच पिसांसारखं दिसेल असं बनवतात, लोक त्याचेच पैसे देतात. अनसूयाबाईंनी शिवणी परत घातल्या. खुंटीवरच्या जॅकेटाला लाल दोऱ्याने, कपाटातल्याला पिवळ्या, म्हणजे निदान ती दोन तरी आपापसात बदलायला नकोत.

"काडी लावून बघू," त्या म्हणाल्या. "चिमूटभर जाळायचं. पीस असेल तर केस जळल्यासारखा वास येईल."

"आणि आला तर? देवघराच्या भिंतीला लागून बदक जाळायचं?"

अनसूयाबाईंनी काडेपेटी खाली ठेवली. गच्चीवर जाऊन जाळता आलं असतं, हे गुरुजींना त्याच क्षणी सुचलं होतं. पण ते बोलले नाहीत.

अनसूयाबाईंनी पुन्हा वल्लरीला फोनवर गाठलं. यातलं जास्त गरम कोणतं असतं एवढंच सांग. पिसांचं, वल्लरी म्हणाली, म्हणून तर ते महाग. तिसरं कारण तेव्हाच नीट ऐकलं असतं तर, असंही ती काहीतरी म्हणत होती, पण तिला मीटिंगला जायचं होतं आणि अनसूयाबाईंना हवं ते मिळालं होतं. उद्या पिवळ्या दोऱ्याचं घालून जायचं, त्यांनी गुरुजींना सांगितलं, आणि आल्यावर खरं सांगायचं की जास्त गरम कोणतं. जे जास्त गरम, ते बदक.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पिवळ्या दोऱ्याचं घालून बसले. साडेसहापर्यंत फरक कळेना. मग स्नानाची गर्दी वाढली, बुड्या मारणाऱ्यांचं पाणी नेहमीप्रमाणे पायरीवर उडायला लागलं, आणि सातच्या सुमाराला जॅकेट अंगाला ओल्या पंच्यासारखं चिकटलं. आठला पहिली शिंक आली. लाल दोऱ्याचं आठ दिवस असंच भिजत होतं, पण आत ऊब तशीच राहायची. शंकेला जागाच उरली नव्हती. लाल जास्त गरम होतं.

"काय?" दारातच प्रश्न आला.

"सारखीच आहेत," रोज शेदीडशे लोकांकडून सत्याचे संकल्प वदवून घेणारे उपेंद्रगुरुजी म्हणाले.

अनसूयाबाईंनी मान हलवली आणि दोन्ही जॅकेटं खुंटीवर शेजारी शेजारी लावली. पुढचे तीन दिवस त्या पहाटे उठून अंधारात नुसत्या उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "सारखीच आहेत ना?"

"अगदी."

"मग तीन दिवस हात लालकडेच कसा जातो?"

गुरुजींनी हात मागे घेतला.

लाल दोऱ्याचं जॅकेट घरात ठेवायचं नाही असं ठरलं. द्यायचं कोणाला याचा प्रश्न नव्हता. गुरुजींच्या दोन पायऱ्या वर नवसाबाई फुलं घेऊन बसायची. मखमलाबादहून पहाटेच्या टेम्पोने झेंडूची पाटी घेऊन यायची आणि सासऱ्याच्या वेळची काळी घोंगडी पांघरून दातांचा आवाज करत बसायची. अनसूयाबाईंचा आग्रह असा की नुसतं द्यायचं नाही, विधिपूर्वक द्यायचं, म्हणजे इतक्या दिवसांचं प्रायश्चित्तही त्यात उरकेल. गुरुजींनी पळीभर पाणी हातावरून सोडलं, "न मम", म्हणजे हे आता माझं नाही, असं म्हटलं, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या दोन शब्दांचा अर्थ पोटात कळला.

"मला?" नवसाबाई म्हणाली. "कसलं हाय हे?"

"गरम आहे," गुरुजी म्हणाले. बाकीचं सांगायचं कारण नव्हतं. तिच्या घरी कोंबड्या होत्या, तिचं त्यावर काही म्हणणं नसणार.

त्यानंतरचे पंधरा दिवस गुरुजी शुद्ध राहिले. सातपर्यंत कोरडे शुद्ध, पुढे ओले शुद्ध. खोकला परत आला आणि यजमान पुन्हा गोत्र विसरू लागले. घाटावर कोणी जॅकेटाबद्दल विचारलं तर ते खनिजाचं विवेचन पूर्वीप्रमाणेच करत, फक्त मध्ये थांबून खोकत. दोन पायऱ्या वर नवसाबाईने निळ्या जॅकेटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. तिला उकडत होतं.

मग एका सकाळी येवल्याकडचं एक कुटुंब वर्षश्राद्धाला आलं. गुरुजींनी दर्भ मांडले, हात उचलला, आणि खोकल्याची उबळ आली. त्या हिसक्यासरशी कोपराजवळच्या पिवळ्या दोऱ्यातून काहीतरी सुटलं, हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि बरोबर दर्भांवर येऊन बसलं. पांढरं, बोटाच्या पेराएवढं, मधून काडी असलेलं पीस होतं ते.

यजमानाच्या म्हाताऱ्या आईने हात जोडले. "आले," ती डोळे पुसत म्हणाली. "पांढऱ्या पिसाच्या रूपानं आले. सुखात हायेत म्हनायचं."

"पुढे म्हणा," गुरुजी म्हणाले.

विधी आटोपला, मंडळी गेली. नवसाबाई दोन पायऱ्या उतरून आली, तिने ते पीस उचललं, उन्हात धरून पाहिलं.

"कोंबडी नाय ही," ती म्हणाली. "बदक हाय."

आता गुरुजींना वल्लरीचं तिसरं कारण उतू गेलेल्या दुधाच्या वासासकट आठवत होतं. बाबा, पिसं भिजली की थंडगार पडतात, सिंथेटिक ओलं झालं तरी गरम राहतं, आणि तुम्ही तर पाण्याकाठीच बसता. म्हणजे घासलेटाच्या घराण्यातलं, शास्त्राला पटलेलं, खनिज जॅकेट दोन पायऱ्या वर होतं, आणि पंधरा दिवस त्यांनी सोवळ्यासाठी बदक पांघरलं होतं.

"नवसाबाई," ते सावकाश म्हणाले, "तुझं जॅकेट कसं आहे?"

"लय ऊब. घरी पन काढत नाय मी. धनी म्हनतो आता झोपताना तरी काढ."

"हे माझं आहे ना, हे मूळचं जास्त महागाचं आहे. खरी पिसं. तुला कोरड्यात, घरी, फार गरम होईल. तुझं मला दे, हे तू घे. फायदा तुझाच."

नवसाबाईने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. गिऱ्हाइकाने फुलांचा भाव फारच पाडून मागितल्यावर ती पाहायची, तसं पाहिलं.

"गुरुजी, तुम्ही पानी सोडलं ना त्याच्यावर?"

"सोडलं."

"मी वीस वरसं इथं वर बसून ऐकते. पानी सोडलं की वस्तू आपली राह्यत नाय, तिच्याकडं मागं वळून बघायचं बी नाय. लोकान्ला रोज सांगता तुम्ही. काल त्या जीपवाल्यानं गाय दिली न् परत दोरीला हात लावला, तर केवढे वरडले त्याच्यावर."

गुरुजी वरडले होते. चांगला श्लोकासकट वरडले होते.

त्यांनी ओलं जॅकेट काढून पायरीवर ठेवलं आणि नुसत्या स्वेटरवर बसले. वारा कुंडावरून येत होता. नवसाबाई वर गेली, पाटीखाली घडी घालून ठेवलेली काळी घोंगडी घेऊन परत आली.

"ही घ्या. मेंढीची हाय, घरच्या. ही तरी तुमच्यात चालती ना?"

चालत होती. लोकरीला कुठल्याच ग्रंथात हरकत नव्हती, लेबल वाचायचीही गरज नव्हती. गुरुजींनी हात पुढे केला.

"थांबा," नवसाबाई म्हणाली. तिने फुलांवर शिंपडायच्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि गुरुजी रोज करायला लावतात तसं हातावरून सोडलं. "मंग परत मागायची कटकट नको. माझी बी, तुमची बी."

आजूबाजूचे गुरुजी बघत होते. दान घेणाऱ्याने म्हणायचा शब्द उपेंद्रगुरुजींना अर्थातच पाठ होता. "स्वस्ति," ते म्हणाले, आणि घोंगडी अंगावर ओढली.

दुपारी ते घरी पोचले तेव्हा त्यांना गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा घाम आला होता, आणि ते मान सारखी डावीउजवीकडे वळवत होते. अनसूयाबाईंनी घोंगडीकडे पाहिलं, ओल्या जॅकेटाकडे पाहिलं, सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि सवयीने डब्यातून कात्री काढली.

"टोचतंय का? कुठे?"

"सगळीकडे," गुरुजी म्हणाले.

अनसूयाबाईंनी घोंगडी एकदा उलटून पाहिली, एकदा सुलटून पाहिली, आणि कात्री परत डब्यात ठेवून दिली.