बॅटरीतल्या करंटची संयुक्त तपासणी

रेणापूरजवळच्या शिवारात राहणारे शेतकरी भुजंग यांनी आमच्या कार्यालयाकडे तक्रार केली, की योजनेतून मिळालेली बॅटरी उजेड पाडत नाही. बॅटरी म्हणजे हातात धरून खटका दाबायची ती. आत घालतात ते सेल. कागदोपत्री तिला ‘हस्तधारित प्रकाशसाधन’ म्हणतात. मी या योजनेच्या नांदेड-लातूर संयुक्त समितीचा सदस्य-सचिव आहे. तेव्हा पुढे जे घडलं ते सगळं नियमाप्रमाणे घडलं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

भुजंग यांचं म्हणणं साधं होतं. मोटारीला लाईट येते ती रात्री. बोअरच्या पेटीपर्यंत जायचं तर ओढा ओलांडावा लागतो. ओढ्यात दगड आहेत आणि दगडांखाली भुजंग यांच्याच नावाचे प्राणी आहेत. हरभऱ्याला पाणी सुरू व्हायच्या आत बॅटरी बदलून हवी, एवढीच मागणी.

“साहेब, हिच्यात करंटच न्हाई,” ते म्हणाले.

मी ते शब्दशः लिहून घेतलं. आता आपल्याकडे करंट हा मुख्यतः बसतो. पेटीला ओला हात लावला की बसतो, कुंपणाला टेकलं की बसतो. त्यामुळे आमच्या सुरक्षा शाखेने ते वाक्य वाचून शेरा मारला: ‘साधनात करंट नाही, अशी खुद्द लाभार्थ्याची कबुली. सुरक्षितता समाधानकारक.’ भुजंग पुन्हा आले तेव्हा त्यांच्यासाठी आभारपत्र तयार होतं.

या खेपेला त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी रुक्मिणबाई होत्या. आभारपत्राची त्यांना काडीची किंमत वाटली नाही, याचं मला वाईट वाटलं.

“ही पेटलीय का न्हाई, ते बघायला दुसरी बॅटरी लागतीय,” त्या म्हणाल्या.

दुसरी बॅटरी देण्याची तरतूद नाही, हे मी नम्रपणे सांगितलं. तरीही, कुणी आम्हाला निष्काळजी म्हणू नये म्हणून बॅटरी समितीच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या तांत्रिक सदस्यांकडे तपासणीला पाठवली.

लातूरला अमृतराव साहेबांनी तिचं बुडाचं झाकण काढून टेस्टरच्या दोन वायरी लावल्या. करंट अगदीच कमी दिसला. टेस्टर मधोमध जोडला की बॅटरीचा सगळा करंट त्या वायरींतून जातो. वायरी बारीक, त्यामुळे तो वाटेतच रोडावतो. म्हणजे मोजायला गेलं की मोजायची वस्तूच कमी होते. साहेबांना हे ठाऊक होतं. पण मंजूर वायरी याच आहेत, असं ते म्हणाले. कमी करंट म्हणजे सेल सावकाश संपणार. शेरा पडला: ‘सेल रात्रभर पुरतील.’

नांदेडला पंचाक्षरी साहेबांकडे सेलच नव्हते. सेलखरेदीचा प्रस्ताव वर पडून होता. म्हणून त्यांनी भिंतीच्या प्लगवर चालणारं यंत्र बॅटरीला जोडलं. सेल दमतात, भिंत दमत नाही. करंट भरभरून आला. शेरा पडला: ‘उजेड ओढ्यापलीकडे पोचेल.’

दोन्ही आकडे जुळेनात. दोन्ही साहेब आपापल्या आकड्याला चिकटून बसले, एकमेकांचे फोन घेईनात. शेवटी तोडगा मीच काढला, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. दोन्ही शेरे खरे धरायचे. उजेड नांदेडचा, टिकाऊपणा लातूरचा. अशा रीतीने दोन जिल्ह्यांनी मिळून एक अशी बॅटरी प्रमाणित केली, जी दोन्ही जिल्ह्यांत कुठेच नव्हती.

भुजंग यांच्या हातात जी होती ती मात्र उलटी वागायची. सेल खायची नांदेडच्या हिशोबाने आणि थोड्याच वेळात उजेड द्यायची लातूरच्या हिशोबाने, मिणमिणता. हा तिचा व्यक्तिगत दोष मानून आम्ही ती प्रमाणपत्रासह परत केली.

हरभऱ्याला पाणी सुरू झालं आणि भुजंग ओढ्यात पडले. पाय मोडला. प्रमाणित उजेडात माणूस पडेलच कसा, असा प्रश्न समितीपुढे आला. म्हणजे डोळ्यांत दोष असणार. दवाखान्यात, लखलखीत दिव्याखाली, भुजंग यांनी तक्त्यावरची सर्वांत बारीक ओळ धडाधड वाचली. डोळे निर्दोष, बॅटरी निर्दोष. मग उरलं कोण? अंधार.

ठराव एकमताने झाला: ‘सदर शिवारातील अंधार मंजूर प्रमाणापेक्षा अधिक आढळला.’ तो ज्यांच्या गटात आढळला, त्या जमीनमालकाकडून खुलासा मागवण्यात आला. जमीनमालक अर्थातच भुजंग.

ते प्लास्टरमध्ये, म्हणून खुलासा द्यायला रुक्मिणबाई आल्या. त्यांनी समितीच्या टेबलावर बॅटरी ठेवली. आवाज चढवला नाही.

“मोटार चालू करायला आता मी जातीय,” त्या म्हणाल्या. “तुमच्यातलं कुणीबी एक जण चला आज. बॅटरी तुमच्या हातात, मी मागून येते.”

अमृतराव साहेबांनी पंचाक्षरी साहेबांकडे पाहिलं. पंचाक्षरी साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. मी नियम वाचून दाखवला: स्थळपाहणी कार्यालयीन वेळेतच करता येते.

त्याप्रमाणे आम्ही दुपारी गेलो. बॅटरी पेटवली. सगळ्यांना ओढा स्वच्छ दिसला, एकेक दगड दिसला, एकही सदस्य पडला नाही. येताना रुक्मिणबाईंनी चहासुद्धा विचारला नाही. खटका बंद करायचा राहून गेला होता, ते कार्यालयात आल्यावर लक्षात आलं. तोवर सेल संपले होते. बॅटरी तशीच परत पाठवली आणि प्रकरण बंद केलं. त्या संध्याकाळीही हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं.

प्रकरण बंद केल्याच्या कागदावर आता फक्त त्रयस्थ सदस्याची सही बाकी आहे. अट एकच: तो उजेडात बसलेला हवा आणि ओढ्यात कधी उतरलेला नसावा. तुम्ही हे वाचत आहात, म्हणजे तुमच्याकडे उजेड आहे. आणि रुक्मिणबाई ‘चला’ म्हणाल्या तेव्हा तुम्हीही जागचे हलला नाहीत, हे मी पाहिलं आहे. समितीवर तुमचं स्वागत आहे.