बत्तीस आईबापांची लेक

धाकट्या भावाने बहिणीच्या लॅपटॉपवरचा चेहरा पाहिला आणि हातातला चहाचा कप तसाच कीबोर्डवर टेकवला.

"ताई, हीच!"

आजवर त्याने प्रत्येक मुलीत खोट काढली होती. एकीचं नाक पसरट, दुसरीच्या भुवया एकमेकींशी भांडलेल्या, तिसरी हसताना हिरड्या दाखवते. त्याने एकदा तरी हो म्हणावं, एवढंच आईचं मागणं होतं. ती ओल्या हातांनीच धावत आली.

"कोण गं ही?"

"कुणी नाही, आई."

"कुणी नाही म्हणजे? आईबाप नाहीत का पोरीला?"

"आहेत. बत्तीस."

बहीण विद्यापीठात चेहऱ्यांवर संशोधन करायची. सोळाजणींचे फोटो संगणकात एकमेकांत मिसळून तिने हा चेहरा काढला होता. एकीच्या नाकाचा बाक दुसरीच्या बाकात जिरतो आणि उरलेला चेहरा बहुतेकांना देखणा वाटतो, हे तिने नीट समजावून सांगितलं. भावाने ते सोळा फोटो मागून घेतले आणि एकेक करत सगळे नापास केले.

तोवर आईने मिसळलेला फोटो मावशीला पाठवलाही होता. अशा चेहऱ्याची आणखी एक खोड असते, तो ओळखीचा वाटतो. मावशीने तो बँकेत पाहिला होता, काकूने दाताच्या दवाखान्यात, आणि मामाला तर पक्कं आठवत होतं की हिचं एकदा ठरून मोडलंय.

"मोडलेली नको गं बाई," आई म्हणाली.

"आई, ती जन्मलीच नाहीये!"

"जन्मायच्या आधीच मोडलं? मग तर नकोच!"

एवढ्यात मावशीचा फोन आला. ती थेट बँकेत जाऊन काउंटरवरच्या मुलीला भाच्याचा फोटो दाखवून आली होती.

"नाही म्हणाली गं. चेहरा अगदी चारचौघांसारखा आहे म्हणे."

"चारचौघांसारखा?" भाऊ उसळला. "आणि ती स्वतः सोळाजणींसारखी, त्याचं काय? जाब विचारतो तिला!"

"अरे, शर्ट तरी बदल!" आई ओरडेपर्यंत तो जिना उतरला होता.

संध्याकाळी तो परतला तो दारालाच धडकला.

"भेटली?" बहिणीने विचारलं.

"भेटली. सगळी हकिकत सांगितली. इतकी हसली, की रांगेतले माझ्या मागचे लोक माझ्यावर ओरडायला लागले."

"फोटोसारखी आहे?"

"छे! अजिबात नाही."

आईचा चेहरा पडला. "म्हणजे हिलाही नाहीच म्हणालास."

"मी कुठे? तिनेच विचारलं, उद्या जेवणाच्या सुट्टीत कॉफीला येता का. मी हो म्हटलं."

आई खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. मग धीर करून, दबक्या आवाजात तिने विचारलं,

"नाक कसं आहे रे तिचं?"

भावाने नाक आठवून पाहिलं.

"नाक?" तो म्हणाला. "असेल ना."