आज रात्री तुम्हाला झोप लागणार नाही

"‘आदरणीय ग्राहक महोदय, सप्रेम नमस्कार. आपल्या सेवेसी नम्र विनंती करण्यात येते की…’ बाबा, हे वाचता वाचताच माणूस झोपतो. मग त्याला गादी कशाला लागेल?"

गाद्यांच्या दुकानात बसून नववीतल्या लेकीने हे विचारलं आणि टाके घालणाऱ्या बाबांची सुई थांबली. घरात तिला तोफ म्हणत, ते उगाच नव्हे. बाबा वर्षभर जुन्या गिऱ्हाइकांना असलेच मेल पाठवत होते. उत्तर आलं ते एकट्या दातांच्या डॉक्टरांचं: ‘कृपया थांबवा.’

"दादा, मी म्हणतो तेच बरं," काका म्हणाले. "जागा त्या मोबाइलच्या कव्हरवाल्याला भाड्याने दे. परवा सकाळी बघायला येतोय तो."

"एक मेल मला लिहू द्या," तोफ म्हणाली. "माणसं आली नाहीत, तर पाटी मी स्वतः उतरवते."

"आणि आली तर?"

"तर या विषयावर तुम्ही ब्र काढायचा नाही, काका."

काका मिशीतल्या मिशीत हसले. बाबा पाटीकडे बघत राहिले. ती त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती.

तोफेचं म्हणणं सरळ होतं. विषयाची ओळ वाचून माणूस दचकला पाहिजे. दचकलाच नाही तर मेल उघडेल कशाला? म्हणून तिने विषय दिला, ‘आज रात्री तुम्हाला झोप लागणार नाही.’ ‘कारण तुमची गादी म्हातारी झाली आहे’ हे पुढचं वाक्य तिने नव्या गादीच्या फोटोवर ठळक रंगात लिहिलं. बाबांची अट एकच, फोटोत टाका न् टाका दिसला पाहिजे. तसा तो दिसलाही, पण फोटो गादीपेक्षा जड झाला. खाली घरपोच सेवेच्या ओळी आल्या. त्याखाली काकांनी आग्रहाने स्वतःचा नंबर घालायला लावला. "दादाला फोनवर बोलता येत नाही. व्यवहाराचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेल गेला. फोटो मात्र कुणाकडेच उघडला नाही. लोकांना दिसलं ते एवढंच: आज रात्री तुम्हाला झोप लागणार नाही. मग एक भली मोठी पांढरी जागा. आणि तिच्याखाली: ‘तुमचा पत्ता आमच्याकडे आहे. आमची दोन माणसं घरी येतील. जुनं जे असेल ते उचलून नेतील.’

सकाळी बाबांनी शटर उचललं तर बाहेर ही गर्दी. सगळ्यांचे डोळे लालभडक. सगळ्यांत लाल काकांचे.

"पहाटेपर्यंत फोन घेतोय मी," काका ओरडले. "एक जण म्हणाला, तुझाही पत्ता शोधून काढतो."

निवृत्त हेडबाई पुढे आल्या. "कोणी लिहिलं हे?"

"मी," तोफ म्हणाली. बाबांनी तिला मागे ओढलं, ती पुन्हा पुढे आली.

"रात्रभर दाराला टेबल लावून बसले होते मी," हेडबाई कडाडल्या.

"आणि आमच्या घरात जुनं म्हणजे सासरेच आहेत," एक सूनबाई म्हणाल्या. "ते रात्रभर पिशवी भरून तयार बसलेत. विचारतात, न्यायला कधी येणार."

"माफी माग," बाबा कुजबुजले.

"कशाची? झोप लागणार नाही असं लिहिलं होतं. लागली का कुणाला?" दोघातिघांनी जांभया दिल्या. "मग मी खोटं काय लिहिलं, बाई? फोटो उघडला नाही, ही चूक माझी. ती मी मान्य करते. पण तुम्ही सगळ्यांनी मेल वाचलात, हे कबूल करा. आजवर वाचला होता कुणी?"

"उलट उत्तरं देते," हेडबाई म्हणाल्या, पण आवाजातला जोर गेला होता. रात्रभर जागलेल्या माणसाला उभ्याने भांडणं झेपत नाही.

"बसून भांडू या," तोफ म्हणाली.

आता गादीच्या दुकानात खुर्च्या कुठून येणार? हेडबाई एका गादीवर टेकल्या. टेकल्या त्या रेलल्या. "कार्टीला शिस्त म्हणून…" एवढं बोलल्या आणि वाक्य तिथेच राहिलं. सूनबाई दुसरीवर बसून सासऱ्यांची कैफियत सांगत होत्या, ती सांगता सांगता घोरू लागल्या. एकेक करून सारा मोर्चा आडवा झाला. बाबा सुई हातात घेऊन बघतच राहिले. आपल्या गादीवर इतकी माणसं एकदम झोपलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

हेडबाई जाग्या झाल्या तेव्हा ऊन दुकानाच्या आत आलं होतं. गालावर टाक्यांची नक्षी उमटली होती. त्यांनी गादी दोनदा दाबून पाहिली, पदर सारखा केला आणि कुणाकडे न बघता म्हणाल्या, "ही पाठवून द्या. पत्ता आहेच तुमच्याकडे."

"आमच्याकडेही एक," सूनबाई डोळे चोळत म्हणाल्या. "पण जुनं काही न्यायचं नाही. सासऱ्यांना आधी तसं सांगा, मगच आत या."

एवढ्यात दारात टेप घेऊन कव्हरवाला उभा राहिला. "जागा मोजायला आलोय. तुमचे काका कुठायत?"

तोफेने ओठांवर बोट ठेवलं. कोपऱ्यातल्या सगळ्यांत जाड गादीवर काका तोंड उघडं टाकून पसरले होते आणि त्यांच्या उशाशी फोन वाजून वाजून थकला होता.

"हळू बोला," ती म्हणाली. "गिऱ्हाईक झोपलंय."