शिंप्याच्या जबड्याखालची गाठ

भित्तिपत्रकं छापणाऱ्या साहेबांनो, गुन्हेगार तुम्ही आहात. दवाखान्याच्या भिंतीवर लालभडक अक्षरांत ‘गाठ? सावधान!’ एवढंच छापलंत आणि मोकळे झालात. पुढचं काय माणसानं मनानंच भरायचं?

शिंप्यानं भरलं. दाढी करताना डाव्या जबड्याखाली कोटाच्या बटणाएवढी गाठ हाताला लागली आणि आता आपण संपलो, असं त्यानं ठरवूनच टाकलं. पण धंद्याची सवय जाते थोडीच! त्यानं खडूनं गाठीभोवती रेघ मारली आणि तासातासाला टेप लावून माप घेऊ लागला. माप घ्यायचं म्हणजे दाबणं आलंच.

“अहो, चिवडू नका तिला!” काजं करता करता बायको ओरडली.

“तुला काय कळतंय? सकाळी अर्धा इंच होती, आता पाऊण झाली!”

माप द्यायला आलेल्या चार गिऱ्हाइकांनीही गाठ आपुलकीनं दाबून पाहिली. संध्याकाळी ती ठणकायला लागली, तशी शिंप्यानं निरवानिरव सुरू केली. वीस वर्षं जिला बायकोचं बोट लागू दिलं नव्हतं, ती कात्री त्यानं तिच्या हातात ठेवली.

“सांभाळ. माझं आता काही खरं नाही.”

तिनं डोळे पुसले, कात्री ठेवून घेतली आणि सकाळी त्याला ढकलतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“हा खडू कसला?” बाईंनी विचारलं.

“माप आहे.”

“आ करा. दोरा कशानं तोडता?”

“दाढेनं. डाव्या.”

“तिचाच टवका उडालाय, आत कीड शिरलीय. तिथले जंतू अडवताना ही गाठ सुजलीय. ती बिचारी पहारा देतेय आणि तुम्ही तिलाच चेंगरताय! दाढेवर इलाज करा, गोळ्या पूर्ण घ्या. तीन आठवड्यांत उतरली नाही किंवा दगडासारखी कडक झाली, तर लगेच या. आणि हात लावू नका!”

शिंप्यानं बाईंना हात जोडले. दाढ काढणाऱ्याला तर तो, तोंडात बोळा असतानाच, “देवमाणूस!” म्हणाला. पंधरा दिवसांत गाठ ओसरली.

तो शीळ घालत दुकानात आला. बायको कापड बेतत होती. कात्री अशी सरसर चालली होती की तो बघतच राहिला. आरशासमोरचं गिऱ्हाईक हात वर-खाली करत म्हणालं, “पहिल्यांदाच बगलेत काचत नाहीये हो!”

गिऱ्हाईक गेल्यावर शिंपी हळूच म्हणाला, “तू नेलंस म्हणून वाचलो. तुझे उपकार फिटायचे नाहीत. आण आता कात्री.”

“देते की. आधी सांगा, वीस वर्षं मला हात का लावू दिला नाहीत?”

शिंपी हसला. ती हसली नाही.

“बोला ना. मी विचारतेय.”