झेंडेकाकांची आघाडी

विश्रांतवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या झेंडेकाकांचं पुणं स्वारगेटला संपायचं. कुणी कात्रजची बस विचारली, तर म्हणायचे, "तिकडे वस्ती नाही."

कात्रजला त्यांचा सख्खा धाकटा भाऊ शाम राहतो. वीसेक वर्षांपूर्वी तो विरुद्ध पक्षात गेला आणि काकांनी त्याच्यासकट अख्खं कात्रज रद्द केलं.

काका पक्षाचे जुने कार्यकर्ते. पद कधी मिळालं नाही. "आम्ही सतरंज्या उचलतो, म्हणून पक्ष उभा आहे," म्हणायचे. पक्ष तसा बसलेलाच होता. काकू गेल्या तेव्हा शामरावांचा फोन आला. काकांनी घेतला नाही. "विरोधकांशी बोलणी नाहीत."

मग महापालिकेच्या निवडणुकीआधी दोन मोठ्या पक्षांनी करार केला : महापौरपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं. त्याविरुद्ध उरलेल्या लहान पक्षांनी आघाडी केली. तीत काकांचा पक्ष होता आणि शामरावांचाही.

मला वाटलं, काका आता राजीनामा देणार. दुसऱ्याच दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात.

"गाडी काढा. कात्रजला मित्रपक्षाला भेटायचंय. वरून आदेश आहे, नाइलाज आहे."

आदेश कुणाचा, ते मी विचारलं नाही.

शामरावांच्या बायकोनं दार उघडलं आणि काकांना बघून रडूच लागली. "दादा, फार उशीर केलात. यांना गेलं वर्षभर माणसं ओळखू येत नाहीत."

शामराव खुर्चीत बसले होते. "कोण आपण?"

काकांनी सदऱ्यावरचा पक्षाचा बिल्ला सरळ केला. मग हात जोडून म्हणाले, "आघाडीचा कार्यकर्ता."

"म्हणजे आपले पक्ष एक झाले?" शामराव खुलले. "मग एक काम करा. विश्रांतवाडीला माझा थोरला भाऊ आहे, तुमच्याच पक्षात. हट्टी आहे. त्याला म्हणावं, आता ये घरी."

"सांगतो," काका म्हणाले.

आघाडी सपाटून हरली आणि आठवड्यात मोडली. काका मात्र दर रविवारी बसनं कात्रजला जातात. शामराव दर वेळी तोच निरोप देतात, काका तो घेऊन परत येतात.

परवा न राहवून मी म्हटलं, "अहो काका, तो भाऊ मीच, असं सांगून का टाकत नाही?"

"सांगितलं होतं एकदा." काका चपला काढत म्हणाले. "म्हणाला, चेष्टा करू नका. माझा दादा एवढा म्हातारा नाही."